परवाना, प्रमाणपत्र आणि घरचा डॉक्टर



गावात नवे डॉक्टर आले की आपण त्यांच्या पाटीकडे पाहतो. नावापुढे चार अक्षरे दिसली म्हणजे आपले समाधान होते. ती अक्षरे कोणत्या साली मिळाली, पुढे वाचन किती झाले, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र हा प्रश्न आपणहून स्वतःला विचारला. त्याचीच हकीगत आज सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे जो तो तज्ज्ञ होऊ लागला. कोणी डोळ्यांचा, कोणी हृदयाचा. सगळ्या घराला ओळखणारा साधा डॉक्टर मागे पडला. १९६६ साली या प्रश्नावर एकामागून एक अहवाल निघाले, आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये फॅमिली डॉक्टरांचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. कुटुंबाची वैद्यकी ही तिथली विसावी मान्यताप्राप्त विशेष शाखा ठरली. केंटकी राज्यातले डॉ. निकोलस पिसॅकॅनो हे या कामातले धुरीण.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा. परवाना वेगळा आणि प्रमाणपत्र वेगळे. परवाना राज्य देते. त्यावाचून औषध देताच येत नाही. मंडळाचे प्रमाणपत्र ऐच्छिक असते. परवाना म्हणतो, ‘याला काम करू द्या.’ प्रमाणपत्र म्हणते, ‘याचे काम आम्ही पारखले आहे.’ मात्र अनेक रुग्णालये आणि विमा कंपन्या ते मागतात. तेव्हा ऐच्छिक म्हटले, तरी ते टाळणे सोपे नाही.

वैद्यकीय पदवीनंतर तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून उमेदवारी करावी लागते. त्यात लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, मनाचे आजार, सगळेच येते. शिवाय एका दवाखान्यात ठरावीक कुटुंबे सांभाळायची, त्याच माणसांना पुनःपुन्हा पाहायचे. दर ऑक्टोबरात एक सराव-परीक्षा होते. तिने कच्चे विषय कळतात. जूनअखेर उमेदवारी संपणारे एप्रिलमध्ये अखेरच्या परीक्षेला बसू शकतात. प्रश्न पाठांतराचे नसतात. समोर रोगी उभा केलेला असतो: पन्नाशीचा गृहस्थ, मधुमेह जुना, छातीत दुखते आहे, आता प्रथम काय कराल?

परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. तोवर इतर शाखांतले प्रमाणपत्र एकदा मिळाले की जन्मभर पुरे. या नव्या मंडळाने पहिल्यापासूनच त्याला सात वर्षांची मुदत घातली. आणि जुन्याजाणत्या डॉक्टरांना, ‘तुम्ही वीस वर्षे दवाखाना चालवलात, तुम्हाला माफ’ असे म्हटले नाही. १९७० मध्ये पहिली परीक्षा झाली. ज्याला प्रमाणपत्र हवे, त्याने पेपर द्यायचा, मग तो नवा असो की जुना.

यावर कुरकुर झाली नाही, असे नाही. ती आजही होते, आणि ती अगदीच खोटी नाही. खेड्यात एकटा असलेला डॉक्टर दवाखाना बंद ठेवून पुस्तके कधी उघडणार? फी भरायची, वेळ मोडायचा, आणि रोग्याच्या हातावर हात ठेवून धीर देण्याची कला कागदावर थोडीच मोजता येते? मंडळाने यातून एक वाट काढली. २०१९ पासून प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर तीन महिन्यांना २५ प्रश्न घरबसल्या सोडवण्याची सोय झाली. पुस्तक पाहण्याची मुभा आहे. उत्तर दिले की लगेच चूक-बरोबर आणि त्याचे कारणही कळते. शिक्षकबंधूंनी हे जरूर ध्यानात घ्यावे. परीक्षा घेता घेता शिकवले जाते, ते असे.

आपल्या देशातही १९७५ साली राष्ट्रीय परीक्षा मंडळाची सुरुवात झाली. एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षे शिकून कौटुंबिक वैद्यकाची परीक्षा या मंडळाकडे देता येते. पण त्या वाटेची माहिती असणारे थोडे. आपल्या शाळेतला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होऊ म्हणत असेल, तर गुरुजींनी त्यांच्या कानावर ही गोष्ट घालावी.

आणि आपण काय करावे? डॉक्टरांची उलटतपासणी नको. पण जुन्या दुखण्याचे औषध घेताना, ‘डॉक्टरसाहेब, यात अलीकडे काही नवे निघाले आहे का?’ एवढे आदराने विचारायला हरकत नाही. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.