आधी गुण्या, मग मशीन

आम्ही देवरी तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. धानाची कापणी-मळणी संपली की हाताला काम नसते, म्हणून आम्ही लाकडी कपाटे करायला शिकलो. हा धंदा मांडताना आधी काय घ्यावे, ते आज सांगतो.

आमचे पहिले कपाट परत आले. दार वर बोटभर उघडे, खाली घासत होते. बचतीतून आम्ही आधी मशीन घेतले आणि गुण्या मात्र स्वस्तातला आणला. तोच वाकडा निघाला. प्लायवूडचे पैसे गेले, गटात बोलाचाली झाली.

आता नवा गुण्या तपासूनच वापरतो. फळीच्या सरळ कडेला तो टेकवून रेघ मारायची. मग गुण्या पालटून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. सांगाडा जोडला की समोरासमोरचे कोपरे टेपने मोजायचे. दोन्ही मापे सारखी आली, तरच खिळे पक्के करायचे.

सुरुवातीला टेप, गुण्या, करवत, रंधा, दोन-तीन रुंदीच्या पटाश्या, हातोडी, पेचकस, कानस आणि चार शिकंजे पुरतात. त्यानंतर हातातले ड्रिल मशीन घ्या. गोल करवतीचे मशीन हात बसल्यावरच घ्या. आठ बाय चारचे प्लायवूड दुकानातून मापाने कापून आणले तरी काम चालते. सांगाड्याला १८ मिलिमीटर आणि पाठीला ६ मिलिमीटर जाडी पुरते. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून दाराला थोडी फट ठेवा. साग घ्याल तर पावती आणि वाहतूक परवाना मागून घ्या.

बांगड्यांवरून आमच्याकडे वाद झाला. सासवा म्हणाल्या, सवाशिणीने हात मोकळे ठेवू नयेत. आम्ही सांगितले, मशीन बंद झाले की बांगड्या पुन्हा भरू. पण तुटलेले बोट पुन्हा येत नाही. पदर खोचा, केस बांधा, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला कापड लावा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका, ते ओढले जातात.

पैशांचे म्हणाल, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पुढे १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. मात्र एका कुटुंबातून एकाचेच नाव घेतात. सुतार म्हटले की पुरुषाचे नाव पुढे होते. तेव्हा तुमच्या घरी रंधा कोण चालवते, ते अर्जाआधी घरात बसून ठरवा.

ते परत आलेले कपाट आम्ही खोलून पुन्हा जोडले. आता त्यात गटाच्या वह्या राहतात, आणि दार बरोबर लागते.