साफसफाईच्या धंद्यातील श्रमांचा हिशेब



आपल्या ज्ञातीतील काही तरुण कार्यालये व दुकाने यांच्या साफसफाईची कंत्राटे घेऊ लागले आहेत, ही अभिनंदनीय गोष्ट होय. झाडू हाती घेण्यात कमीपणा नाही, हे गाडगेमहाराजांनी (1876–1956) गावोगाव स्वतः रस्ते झाडून महाराष्ट्राला शिकविले. परंतु धंदा केवळ सद्भावनेवर चालत नाही. त्याला हिशेब लागतो, आणि येथे मुख्य हिशेब माणसांच्या श्रमांचा आहे.

दरपत्रक भरताना पुष्कळ जण दुसऱ्या कंत्राटदाराने किती माणसे लावली तेवढेच पाहतात. वास्तविक आधी काम मोजावे, मग माणसे. समजा, वर्षभर रोज उघडे राहणारे 24,000 चौरस फुटांचे एक कार्यालय आहे. स्वतः झाडून-पुसून पाहिले असता तासाला 2,000 चौरस फूट होतात असे आढळले, तर एवढ्यालाच 12 तास हवेत. शौचालयांच्या दिवसातून चार फेऱ्यांना आणखी 3 तास धरा. आठ तासांच्या पाळीत सामान काढणे, पाणी भरणे, जेवण व विसावा वजा जाता खरे काम साडेसहा तासच होते. म्हणजे 15 तासांच्या कामास रोज तीन माणसे हवीत.

पण हिशेब येथे संपत नाही. वर्षाच्या 365 दिवसांतून साप्ताहिक सुट्या 52, सणांच्या 8 आणि रजा-आजारपणाचे 18 दिवस वजा केले, तर एक माणूस 287 दिवस हजर राहतो. तीन जागांचे दिवस 1,095 भरतात. त्यास 287 ने भागले की उत्तर चारच्या जवळ येते. हा चौथा माणूस म्हणजे बदली कामगार होय.

ज्याच्या दरपत्रकात हा चौथा नाही, त्याच्या धंद्यात त्याचे काम उरलेल्या तिघांच्या पाठीवर पडते. सुट्या बुडतात, दुहेरी पाळ्या लागतात, शेवटी शिकलेसवरलेले माणूस सोडून जाते व पाठोपाठ कंत्राटही जाते. ग्राहक दर कमी करा म्हणाला, तर त्याच्यापुढे कामाचा तक्ता ठेवावा आणि काचा आठवड्याऐवजी पंधरवड्याने पुसू, असे सांगावे. काम कमी करता येते. माणूस कमी करून काम तेवढेच ठेवता येत नाही.

आणखी एक विनंती. शौचालयांचे काम जात पाहून एकाच्याच माथी मारू नका. मुकादमाने ते सर्वांत पाळीपाळीने वाटावे. हातमोजे, बूट व पुरेसे पाणी यांचा खर्च दरातच धरावा. ज्ञातीचा उत्कर्ष आपण इच्छितो. तो दुसऱ्याच्या घामाची चोरी करून होऊ नये.