वणीच्या मांडवांतील पंजाबी पाहुणे

चैत्री पौर्णिमेची यात्रा उतरली, कीं वणींत मांडव उभे राहूं लागतात. दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षांचे मळे तोंवर रिकामे झालेले असतात, शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे आलेले असतात आणि सप्तशृंगीच्या गडाची वाट हळदीच्या अंगानें निघालेल्या जोडप्यांनीं गजबजते. या मांडवांत अलीकडे दोन पाहुणे आले आहेत. एक मेंदीची रात्र, दुसरें 'संगीत'. दोन्ही उत्तरेकडचे, विशेषतः पंजाबी घरांतले. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) यासारख्या बोलपटांनीं त्यांची ओळख खेड्यापाड्यांपर्यंत पोंचविली.

वडीलधारी मंडळी त्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात. तो राग समजण्यासारखा आहे, पण तो भलत्याच माणसावर आहे. पंजाबांतलें जुन्या वळणाचें लग्न वणीच्या लग्नाला मुळींच परकें नाहीं. आपल्याकडे हळद लागते, तिकडे हळद, पीठ व तेल यांचा 'वटणा' लागतो. आपल्याकडे कासार नवरीला हिरवा चुडा भरतो. तिकडे तांबडा-पांढरा चुडा मामा घेऊन येतो. मामाचा मान तर दोहोंकडे सारखाच, कारण बोहल्यावर नवरीच्या पाठीशीं येथेंही मामाच उभा असतो. शीख वधूवर गुरु ग्रंथसाहेबाभोवतीं चार 'लावां' घेतात, व या 'आनंद कारज' विधीला १९०९ सालीं कायद्याची मान्यता मिळाली. हिंदु पंजाबी अग्नीभोवतीं फिरतात. धान्याची रीत सर्वांत हृद्य आहे. पंजाबी मुलगी माहेर सोडतांना ओंजळीनें तांदूळ डोक्यावरून मागें टाकते. ज्या घरानें पोसलें त्या घराची कोठी भरलेली राहावी, म्हणून. मराठी मुलगी सासरच्या उंबरठ्यावरचें तांदुळाचें माप पायानें लवंडून आंत येते.

मग अडतें कोठें? आपण हे पाहुणे घेतले, ते त्यांच्या पडद्यावरच्या रूपांत. मूळचें 'संगीत' म्हणजे घरच्या बायकांनीं ढोलकावर म्हटलेलीं गाणीं. लग्नाच्या आदल्या रात्रीं 'जागो' निघते, तेव्हां आजोळच्या बायका पेटत्या दिव्यांनीं सजविलेली घागर डोक्यावर घेऊन गात-नाचत गांवभर हिंडतात व निजलेल्यांना जागें करतात. गाणारें तोंड घरचेंच असतें. वणीच्या 'संगीता'त गातो तो कर्णा. घरच्यांनीं फक्त नाचावयाचें. आणि कर्णा लागला, कीं जात्याजवळच्या म्हाताऱ्या गप्प होतात.

या म्हाताऱ्यांपाशीं काय असतें? हळद दळावयाच्या वेळीं जात्याला आंब्याचा टाहाळा व हळकुंड बांधून पांच सुवासिनी बसतात. पहिली ओवी गडावरच्या देवीला, मग घरच्या देवकाला, मग नवरीच्या मामाला, भावाला. जिला उद्यां निघावयाचें आहे तिचें नांव ओवींत आलें, कीं खुंटा धरलेला हात क्षणभर थबकतो. नांव, गांव, नातें बदलून त्या ओव्या त्या त्या मांडवापुरत्या पुन्हां जुळविल्या जातात. कर्ण्याला नवरीचें नांव ठाऊक नसतें.

गोंधळाचीही हीच गत. लग्नानंतर नवऱ्यामुलाच्या घरीं रात्रीं चौक मांडून, कलश ठेवून दिवटी पेटते. संबळ व तुणतुणें यांच्या साथीवर गोंधळी तुळजापूर, कोल्हापूर, माहूर येथील देवींना नांवानें पाचारण करतो आणि साडेतीन पीठांतलें अर्धें पीठ जें सप्तशृंग, तेथल्या देवीला, म्हणजे घरच्याच आईला, बोलावतो. पूर्वीं आख्यान पहाटेपर्यंत चाले. आतां यजमान म्हणतो, "महाराज, आटोपतें घ्या," आणि गोंधळी आवाहन ठेवून आख्यान गाळतो. असें दहा मांडवांत झालें, कीं त्याच्या मुलाला तें आख्यान शिकण्याचें कारणच उरत नाहीं.

खर्चाचें बोलणें अप्रिय असतें, तरी बोललें पाहिजे. हुंडा घेणें व देणें १९६१ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. मेंदीची रात्र, तिचा वेगळा मांडव, रोषणाई व जेवणावळ यांना मात्र कोणी हुंडा म्हणत नाहीं, आणि हा भार बहुधा मुलीच्या बापावरच पडतो. द्राक्षांवर अवेळीं गारा पडल्या, तर तो कर्ज काढतो. पण 'संगीत' रद्द करीत नाहीं, कारण व्याही काय म्हणतील!

मेंदी हातावर शोभते. तिला कोणी हाकलूं नये. पण त्याच रात्रीं अर्धा तास कर्णा बंद ठेवून जातें मांडवाच्या मध्यें आणतां येईल. ओव्या टिपून घेण्यास आतां वहीही लागत नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत आवाज सांठविणारें यंत्र आहे. गोंधळ्यालाही निदान दोन प्रहर रात्र द्यावी. दुसऱ्या दिवशीं गडावर जाणाऱ्या जोडप्याला जागरणाचा शीण होईल, ही सबब आतां चालणार नाहीं. २०१८ पासून तेथें रुळांवरून वर नेणारी गाडी सुरू झाली आहे. पायऱ्या चढल्याच पाहिजेत असें नाहीं.