कुंपणच शेत खाते तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे; कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या चाकरीत शिरलेले गृहस्थ आहोत. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. आमच्या आप्तांपैकी एका नऊ वर्षांच्या मुलीला मधुमेह जडला, तेव्हा घरात पहिला प्रश्न उठला तो ‘दोष कोणाचा?’ हा. आजीने लाडवांना बोल लावला, आत्याने मुलीच्या आजोळाला. वस्तुतः दोष लाडवांचा नव्हता आणि आजोळाचाही नव्हता. आनुवंशिक कल काही अंशी असतो हे खरे. तथापि अशा बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा रोग झालेलाच नसतो.

चाळिशीनंतर आपल्यापैकी अनेकांना गाठणारा मधुमेह निराळा आणि हा निराळा. त्यात इन्सुलिन असते, पण ते पुरेसे लागू पडत नाही. ह्यात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच मारल्या जातात. आणि मारणारे कोणी उपरे नसून शरीराच्या रक्षणासाठी नेमलेल्या पांढऱ्या पेशी असतात. कुंपणच शेत खाते, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

पॉल लांगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये स्वादुपिंडात विखुरलेली पेशींची चिमुकली बेटे वर्णिली. त्या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन बनवितात. १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनची पहिली टोचणी दिली गेली आणि मरणाच्या दारातील मुले जगू लागली. परंतु त्या पेशी नष्ट का होतात, हे कोडे तसेच राहिले. १९६५ मध्ये बेल्जममधील विली गेप्ट्स ह्यांनी, रोग जडताच दगावलेल्या रुग्णांची स्वादुपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. अनेकांत बेटांना लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा गराडा पडलेला दिसला.

गराडा पडला म्हणजे खून त्यांनीच केला असे नव्हे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा येथे मिळाले. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेथे एकरूप जुळ्यांपैकी निरोगी भावंडाच्या स्वादुपिंडाचा तुकडा रोगी भावंडात बसविण्यात आला. रक्तमांस एकच, म्हणून शरीराने अवयव परका मानला नाही. तथापि काही आठवड्यांतच नव्या तुकड्यातील बीटा पेशींवर हल्ला झाला आणि मधुमेह परतला. शेजारच्या इतर पेशी मात्र शाबूत! इतका नेम धरून मारणारा आंधळा असू शकत नाही. वीस वर्षे जुने वैर त्या पेशींच्या स्मरणात जिवंत होते.

ह्या हल्ल्यातील मुख्य आरोपी टी-पेशी. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तेथे ह्या पेशींची परीक्षा होते. स्वतःच्या शरीरातील प्रथिनांवर तुटून पडणारी पेशी तेथेच बाद केली जाते. काही पेशी मात्र परीक्षकाची नजर चुकवून निसटतात. एरवी त्या निद्रिस्त राहतात. पण बीटा पेशीचे तुकडे दुसऱ्या एखाद्या पांढऱ्या पेशीने त्यांच्यापुढे मांडले की जाग्या होतात. त्यांतील साहाय्यक टी-पेशी हाकाटी करतात आणि मारक टी-पेशी बीटा पेशीला भिडून तिच्या आवरणाला छिद्रे पाडतात.

रक्तात सापडणारी प्रतिपिंडे ह्या गुन्ह्याची साक्षीदार अधिक, मारेकरी कमी. प्रतिपिंडे बनविणाऱ्या बी-पेशी जन्मतःच नसलेल्या एका रुग्णालाही हा मधुमेह झाल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. साक्षीदार म्हणून मात्र त्यांचे मोल मोठे. दोन वा अधिक प्रकारची प्रतिपिंडे ज्या मुलांच्या रक्तात आढळली, त्यांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत रोग जडला, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. म्हणजे लाडू खाण्याच्या कितीतरी आधी आत खटला सुरू झालेला असतो.

मग आपण सर्वच मधुमेही का नाही? कारण कुंपणावरही पहारा आहे. जपानचे शिमोन साकागुची ह्यांनी १९९५ मध्ये इतर टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी ओळखल्या. त्यांचा कारभार पाहणारे जनुक पुढे मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांच्या संशोधनातून उजेडात आले. तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह होऊ शकतो, ह्याहून बोलका पुरावा कोणता?

टी-पेशींना लगाम घालणारे टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्य झाले. त्याच्या २०१९ च्या चाचणीत रोग सरासरी दोन वर्षे पुढे ढकलला गेला. दोनच वर्षे, असे कोणी म्हणेल. पण मुदतवाढीची किंमत सरकारी नोकराला वेगळी सांगावी लागत नाही, आणि रोज टोचणी घेणाऱ्या मुलाच्या आईला तर नाहीच. औषध अतोनात महाग आहे, हेही सांगितले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मागितला ती सांगतो. इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांत पुष्कळ मुलांची इन्सुलिनची गरज एकाएकी घटते. उरलेल्या बीटा पेशींना विसावा मिळून त्या पुन्हा काम करू लागतात. नेमक्या ह्याच काळात कोणीतरी काढा, भस्म वा अंगारा दिलेला असतो; श्रेय त्याला जाते आणि घरचे लोक टोचणी बंद करतात. परंतु टी-पेशी आपले काम सोडून गेलेल्या नसतात. काही महिन्यांत त्या राहिलेल्या पेशीही संपवितात, आणि इन्सुलिन थांबविलेल्या मुलाच्या रक्तात आम्ल साचून ते बेशुद्ध होते, प्रसंगी प्राणास मुकते. आमच्या त्या आप्तांच्या घरी असाच काढा आला होता. मुलीच्या आईने तो घेतला, देणाऱ्याचे आभार मानले, आणि टोचणी एकही दिवस चुकविली नाही.