चिया, जवस आणि ताटातला वाटा
(सावदा येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका काकूंनी विचारलं होतं, "सून गरोदर आहे, कुणी चिया द्यायला सांगितलंय. महाग आहे. घेऊ का?" आज त्यावरच बोलते.

चिया मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं, आपल्या तुळशीच्याच कुळातलं. पाचशे वर्षांपूर्वी अॅझ्टेक राज्यात ते मक्यासारखं रोजचं अन्न होतं, करापोटीही घेतलं जाई. तिकडच्या कष्टकऱ्यांचं हे अन्न आपल्याकडे काचेच्या बरणीतून आलं. आता ते कर्नाटकात, मध्य प्रदेशातही पिकतं.

गुण खरेच आहेत. शंभर ग्रॅम चियात सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं, ३४ ग्रॅम चोथा आणि ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण आपल्या जवसात प्रथिनं जवळपास तेवढीच, आणि ज्या ओमेगा-३ साठी चियाचं कौतुक होतं ते जवसात थोडं जास्तच. न सोललेल्या तिळात कॅल्शियम चियाहून अधिक. बाळंतिणीच्या अळिवात लोह आहे. जवस अख्खं पचत नाही. भाजून, लसूण-मिरची घालून कुटलेली आपली चटणी म्हणूनच शहाणपणाची. चिया खायचंच तर भिजवून खा. ते पाण्यात फुगतं, कोरडं गिळलं तर घशात अडकू शकतं.

म्हणजे काकू, चियावाचून काही अडत नाही. अडतं ते दुसरीकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ते कुठल्याही एका बियाण्यानं भरून निघणार नाही. अळिवाचे लाडू सव्वा महिना मिळतात, पुढे? दिवसभर केळीच्या बागेत मजुरी करून आलेली बाई चटणी कुटते, भाकरी थापते, सगळ्यांना वाढते आणि उरेल ते खाते. डाळीचं पातेलं तोवर खरवडलेलं असतं.

तेव्हा सुनेला चटणी-भाकरीसोबत डाळ, पालेभाजी, वर लिंबू द्या. लिंबानं लोह अंगी लागतं. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नका. आणि तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. काकू, तुम्हीही बसा. वाढायला घरातल्या पुरुषांनाही हात आहेत.