हास्याची द्रुत लय

विनोदी चित्रपटाचे मूल्यमापन करताना आपण बहुधा कथानक आणि हशा या दोहोंचाच हिशेब मांडतो. परंतु हॉवर्ड हॉक्स या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९४० सालच्या 'हिज गर्ल फ्रायडे'पुढे तो हिशेब अपुरा पडतो, कारण या चित्रपटाचे मर्म संवादांच्या लयीत आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. वॉल्टर बर्न्स हा कावेबाज संपादक. हिल्डी जॉन्सन ही त्याची घटस्फोटित पत्नी आणि त्याच्याच पत्राची अव्वल बातमीदार. एका सालस विमेवाल्याशी विवाह करण्यास ती निघाली असता, फाशीच्या कैद्याची बातमी पुढे करून वॉल्टर तिला अडकवतो. बेन हेक्ट व चार्ल्स मॅकार्थर या शिकागोच्या माजी बातमीदारांनी लिहिलेल्या 'द फ्रंट पेज' या १९२८ च्या मूळ नाटकात हिल्डी पुरुष आहे. हॉक्सने तिला स्त्री केले, आणि कचेरीतल्या भांडणाला मोडलेल्या संसाराचे अस्तर लाभले.

येथे कोणी कोणाचे वाक्य पुरे होऊ देत नाही. परंतु वाक्यांच्या आरंभी व अखेरीस गळाले तरी चालतील असे शब्द योजल्यामुळे, वॉल्टर व हिल्डी यांच्या भूमिकांतील केरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल एकाच वेळी बोलत असतानाही अर्थ निसटत नाही. बिचारा विमेवाला तेवढा दुसऱ्याचे बोलणे संपण्याची वाट पाहतो, आणि या सभ्यतेपायीच हरतो!

द्रुत लयीचा जाणकार ती कोठे थांबते हे पाहतो. तुरुंगात हिल्डी कैद्याला भेटते तेव्हा तिचा स्वर उतरतो, गती मंदावते. त्याच्याविषयी कणव बाळगतानाच, पिस्तूल वापरण्यासाठीच असते, हे बातमीला सोयीचे तत्त्व ती त्याच्या तोंडी घालते, आणि करुणा कोठे संपली व व्यवसाय कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. पुढे मॉली मलॉय ही दुर्दैवी स्त्री आपल्याविषयी खोटेनाटे छापणाऱ्या बातमीदारांवर तुटून पडते, हिल्डी तिला बाहेर नेते, आणि एरवी अखंड बडबडणारी बातमीदारांची खोली क्षणभर मुकी होते. शहराचे महापौर व शेरीफ, निवडणुकीवर नजर ठेवून, फाशीमाफीचा हुकूम आणणाऱ्या दूताला नोकरीचे आमिष दाखवून परत धाडू पाहतात. तेथे मात्र लय पुन्हा भरधाव सुटते, आणि आपण हसतो.

अखेरीस हिल्डी वॉल्टरकडेच परतते. नायगाऱ्याला जायचा बेत संपाच्या बातमीखातर ऑल्बनीकडे वळतो, आणि तिची बॅग उचलण्याचे सौजन्यही तो दाखवीत नाही. हा शेवट सुखान्त मानणारे रसिक पुष्कळ आहेत. मी त्यांच्यापैकी नाही.