संसारांतलें पालुपद

पद गातांना प्रत्येक कडव्यानंतर फिरून फिरून येणारी ओळ तें पालुपद. बोलण्यांत पुनः पुनः येणाऱ्या शब्दांनाहि मराठींत हेंच नांव आहे. गाण्यांतल्या पालुपदाची ऐकणारा वाट पाहतो. संसारांतलें पालुपद मात्र कांहीं वर्षांनीं कानाला टोचूं लागतें.

एखाद्या गृहस्थाला प्रत्येक हकीकतीच्या आरंभीं ‘म्हणजे काय आहे कीं’ असें म्हणण्याची लकब असते. लग्नाच्या नवलाईंत पत्नीला तिचें हसूं येतें. माहेरीं गेल्यावर बहिणींपुढें ती त्याची नक्कलहि करते. दहा वर्षांनंतर तेच शब्द कानीं पडतांच तिच्या कपाळाला आठी पडते. शब्द तेच, स्वरहि तोच. बदललेला असतो तो कान. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल कनिंगहॅम व त्यांचे सहकारी यांनी २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत जोडीदाराच्या अशा सवयींना वावड्याची उपमा दिली आहे. पहिल्या खेपेस थोडेंसेंच जाणवतें. तीच गोष्ट वारंवार घडली म्हणजे ती सोसेनाशी होते.

असें असलें तरी पालुपद निरर्थक नसतें. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ सालीं इंग्रजी संभाषणांचा अभ्यास करून असें प्रतिपादन केलें, कीं बोलतां बोलतां निघणारे ‘अं’सारखे उद्गार ‘जरा थांबा, पुढें सांगावयाचें आहे’ अशी सूचना देतात. ‘म्हणजे काय आहे कीं’ याचेंहि काम पुष्कळदां तेंच असतें. जिना चढतांना कठड्यावर हात ठेवावा, तसा विचार जुळेपर्यंत बोलणारा त्या शब्दांवर टेकतो.

म्हणून लकबींत भेद केला पाहिजे. ‘बरं का’, ‘काय तें’, ‘तें आपलं हें’ हे बोलणाऱ्याचे आधार होत, ते सोसावे. परंतु पतीचें ‘तुला नाहीं कळायचं’, पत्नीचें ‘तुम्हांला कधीं लक्षांत राहिलंय?’, किंवा दुसऱ्याचें वाक्य आपणच पुरें करण्याची घाई, या लकबी समोरच्याचें बोलणें खुंटवितात. त्यांच्याविषयीं बोललेंच पाहिजे. मात्र तें एकांतांत, शांतपणें.

पुष्कळ घरांत याच्या उलट घडतें. मन दुखविणारें बोलणें मुकाट्यानें गिळलें जातें, आणि निरुपद्रवी ‘म्हणजे’वर चारचौघांत टोमणा मारला जातो. अशा टोमण्यांनीं तो गृहस्थ आपलें पालुपद टाकतो खरा. पण त्याबरोबर कचेरींतून आल्यावर दिवसभराची हकीकत सांगणेंहि टाकतो. पालुपद जातें, तसें पदहि जातें. मग ‘चहा झाला का’ आणि ‘दिवा मालव’ एवढ्यावर त्या घरांतलें संभाषण येऊन ठेपतें.

तेव्हां खटकलेला शब्द बोलून दाखविण्यापूर्वीं त्या शब्दानें दुखावतें कोण, एवढें पतिपत्नींनीं पाहावें. कोणीच दुखावत नसेल, तर पुढची हकीकत ऐकून घ्यावी.